फाळक्याला हात

माझं नाव बाळाराम, गाव दिघाशी, ऱ्हायला आता टेमघरला, आन् काम म्हणाल तर थप्पी लावायचं, म्हंजे गोदामात माल रचायचा, गाड्या भरायच्या, गाड्या खाली करायच्या, ह्यापलीकडं मला काय येत न्हाय, पण हे मला जेवढं येतं तेवढं ह्या भिवंडीत कुणाला येत न्हाय, आता मी आपल्या तोंडानं सांगतो म्हणून हसू नका ताई, विचारा जाऊन कुठल्याबी गोदामात. तुम्ही लिहून काढायला तो फोन रेकॉर्डिंगला चालू ठेवलाय ना, ऱ्हाऊ द्या चालू. फक्त एक करा, पोराचं नाव बदलून लिहा, नितेश लिहा, आन् तो ज्या देशात हाय त्या देशाचं नाव लिहूच नका. टीव्हीवर रोज दाखवतात तीच लढाई, बर्फातली, संपता संपत न्हाय ती, लोकांना बरोबर कळंल. आमचा अर्ज चालू हाय, उगाच कुणाला राग यायला नको.

माझे बापूस गवताच्या लॉऱ्या भरायचे. तवा ह्या आमच्या पट्ट्यात गवताचा धंदा मोठा, दसऱ्यानंतर माळावरचं गवत कापायचं, भारे बांधायचे, आन् लॉरीत भरून तबेल्यांना धाडायचं, आन् लॉरी अशी उंच भरायची की मागनं बघितलं तर गवताचा डोंगरच चाललाय असं वाटायचं. नाक्यावर सकाळी टोळ्या उभ्या ऱ्हायच्या, चार चार, पाच पाच माणसांच्या, आन् लॉरी आली की पळायचं. ज्याचा हात पहिला फाळक्याला लागला त्याची गाडी. फाळका म्हंजे लॉरीच्या मागचं ते खाली पडणारं फळ्यांचं दार. त्याला हात लागला की विषय संपला, मंग मारामारी न्हाय, शिवीगाळ न्हाय, वशिला न्हाय, ज्याचा हात त्याचं काम. बापूस मला सांगायचे, बाळ्या, माल कुणीबी उचलतो, पण हात पहिला लागला तर उचलणार ना. हा नियम कुणी लिहिलेला न्हाय, पण आमच्या इथं अजून चालतो, गोदामं एवढी मोठी झाली, कंप्युटर आले, तरी गेटवर रोजंदारीच्या टोळ्या उभ्या असतात आन् बाहेरची गाडी आली की फाळक्यालाच हात लागतो. मी सोळा वर्षांचा असताना पहिल्यांदा हात लावला, कापडाच्या गठ्ठ्यांची गाडी व्हती, आन् चालू गाडीला हात लावला म्हणून अंगठ्याचं नख गेलं ते परत आलं न्हाय, हे बघा.

मंग लूमवाल्यांचा माल केला, ताग्यांचे गठ्ठे, सुताच्या गोणी, ते जखमेला बांधतात ते पट्टीचं कापड. मंग आमच्याच भाताच्या जमिनीवर पत्र्याची गोदामं उभी राहिली, जिथं माझ्या आईनं लावणी केली तिथं मी टीव्हीचे खोके रचले, त्याचं मला काय वाईट वाटत न्हाय, खरं सांगतो, चिखलापरीस खोकं बरं. काय सांगत व्हतो मी? हां, थप्पी. थप्पीचं म्हंजे असं हाय, जड खाली, हलकं वर, विटा रचतात तसं एकाआड एक सांधा मोडायचा, छाप बाहेरच्या बाजूला, आन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हंजे जे पहिलं लागणार ते दाराशी. मला तुम्ही कुठल्याबी गोदामाच्या दारात उभं करा, आत जायची गरज न्हाय, दाराशी काय ठेवलंय ते बघून मी तुम्हाला सांगतो उद्या तिथनं काय जाणार हाय. ही विद्या मला कुठं कामाला येईल असं कधी वाटलं नव्हतं, आली कामाला, आन् आता वाटतं की आली नसती तर बरं झालं असतं.

नितेश आमचा एकटाच. बारावी झाला, माझ्यासारखं पाठीवर ओझं नको म्हणून तो फोर्कलिफ्ट शिकला, हात इतका साफ की अंड्याची गाडी खाली केली तर एक अंडं फुटायचं न्हाय. तरी त्याला मी पहिली दोन वर्षं माझ्या टोळीतच घातला व्हता, त्याची आई बोलली पण, अवो त्याला मशीन येतं ना, मंग गेटवर कशाला उभा करता. मी बोललो, गेटवर उभा राहिल्याशिवाय काम म्हंजे काय ते कळत न्हाय. आन् तो शिकला. पळायला माझ्यापरीस चपळ, त्याचा हात लागायचा आन् बाकीचे नुसते बघत ऱ्हायचे, मी लांबनं बघायचो आन् मला असं व्हायचं, काय सांगू तुम्हाला, छाती भरून यायची. मंग तो ज्या गोदामात मशीन चालवायचा तिथं सरकते पट्टे बसवले, माणसं कमी केली, तो घरी बसला. सत्तावीस वर्षांचं पोर दुपारी घरात झोपलेलं मला बघवत नव्हतं, ही माझी खोड, मला कुणी बसलेलं चालतच न्हाय.

तेवढ्यात त्याला फोनवर एक एजंट सापडला. परदेशात गोदामाचं काम, फोर्कलिफ्टवाला पायजे, लढाई चालू हाय पण ती लांब पुढं, तुम्ही मागं, नुसतं खोकी उतरवायची. तो एजंट आमच्या घरी येऊन बसला, चहा प्याला, मला बोलला, चाचा, जंग अलग चीज है, गोदाम अलग चीज है, आपका लड़का तो बंदूक देखेगा भी नहीं. आन् मला ते पटलं ताई, हे ध्यानात घ्या, मला पटलं. मी गोदामातला माणूस, मला वाटलं गोदाम म्हंजे गोदाम, चार भिंती, वर पत्रा, तिथं काय व्हणार हाय. नितेशची आई बोलली, लढाईतल्या गोदामात लढाईचाच माल असंल ना. एवढी शाळा न शिकलेली बाई, एका वाक्यात बोलली, आन् मी तिच्यावर खेकसलो, तुला काय कळतं गोदामातलं.

गेला त्या दिवशी त्याच्या आईनं ओटी भरल्यासारखी त्याची बॅग भरली, सुकट, लोणचं, तांदळाच्या भाकरी, स्वेटर. आन् मी काय दिलं? मी दिला उपदेश. दारात उभं राहून मी त्याला बोललो, तिकडं भाषा येणार न्हाय, कुणी ओळखणार न्हाय, तर एक कर, गाडी आली की मागं ऱ्हाऊ नको, पहिला हात तुझा दिसला पायजे, साहेब लोक हातच बघतात. तो हसला, बोलला, बाबा, माहीत हाय. पाया पडला आन् गेला.

पहिले दोन महिने बरं चाललं. फोन त्यांच्याकडं ठेवून घ्यायचे, आठवड्यातनं एकदा द्यायचे, मंग तो एखाद फोटो टाकायचा, दोन मिनटं बोलायचा. गोदाम म्हंजे एक जुना कारखाना व्हता, खिडक्या पोत्यांनी बुजवलेल्या, आन् आत माल. मी फोटो मोठा करून बघायचो. दाराशी बुटांची खोकी, तंबूचे गठ्ठे, पिठाच्या गोणी, डबाबंद खाणं. थप्पी बघून मला ओळखायला यायचं की ही माझ्या पोरानं लावलीय, सांधे मोडलेले, छाप बाहेर. मी सगळ्या टोळीला दाखवायचो, बघा रे, भिवंडीची थप्पी कुठं जाऊन पोचली. आमच्या गेटवरच्या मोरेमामांना पण दाखवला. मोरेमामा वॉचमन, साताऱ्याकडचे, फौजेतनं रिटायर, पण बंदूकवाले न्हाय, रसदवाले, सगळी नोकरी डोंगरावर पीठ, रॉकेल आन् गोळ्या पोचवण्यात गेली. त्यांनी फोटो बघितला, थप्पी चांगली हाय बोलले, आन् मंग बोलले, एवढा माल एका छताखाली ठेवत न्हाईत बाळाराम, लांबवर पांगून ठेवतात. मी बोललो, मामा, पांगवलं तर गाडी भरायला दुप्पट टाइम लागंल. ते बोलले, लागू दे.

तेव्हापासनं मला टीव्हीचं याड लागलं. टाय लावलेले लोक बसतात, ह्याच्याकडं रणगाडे किती, त्याच्याकडं विमानं किती, फौज कुणाची मोठी, आन् मी खाली जेवायला बसून बोंबलतो, अरे पण त्या रणगाड्यात डिझेल कोण ओततो ते सांग ना, पाव कोण पोचवतो ते सांग. नितेशची आई टीव्ही बंद करायची, मी परत लावायचो. मोरेमामांनी मला समजावलं व्हतं, लढाई गोळीनं चालत न्हाई, गाडीनं चालते, गोळी पण गाडीतनंच येते. म्हणून शहाणा दुश्मन तोफ मारत न्हाई, गाडी मारतो, डिझेलची टाकी मारतो, गोदाम मारतो, मंग पुढची तोफ म्हंजे नुसतं भंगार.  आमचं पोर मागं न्हाय, आमचं पोर बरोबर त्याच जागी हाय जिथं दुश्मनाचं लक्ष हाय, हे मला तवा उमगलं, गेटवर, खुर्चीवर बसून, हातात चहाचा ग्लास.

आन् मंग तो फोन आला. दुपारची वेळ, आम्ही जेवून सावलीत बसलो व्हतो. नितेश हसत हसत सांगत व्हता, बाबा, आज गंमत झाली. सकाळी गोदामात एक मोठी गाडी आली, हिरवी, मागं फाळका अगदी आपल्यासारखा, आन् साहेब आमच्यासमोर उभं राहून त्यांच्या भाषेत काय काय बोलला, सगळे खाली माना घालून उभे, कुणी हलंना, मला वाटलं गाडी खाली करायला माणसं मागतोय, मी आपला सवयीनं पळालो आन् फाळक्याला हात लावला. साहेब एवढा खूश झाला बाबा, माझ्या पाठीवर थाप मारली, माझं नाव लिहून घेतलं. मी बोललो, शाब्बास. ताई, मी शाब्बास बोललो. मंग तो बोलला, पण आमच्यात एक हरयाणाचा भाऊ हाय, जुना, त्याला भाषा येते, तो नंतर माझ्यावर ओरडला, पागल है क्या, हाथ क्यों लगाया, साहब पूछ रहा था माल लेकर आगे कौन जाएगा.

मी तसाच फोन कानाला लावून बसलो. टोळीतली माणसं बोलली, काय झालं मुकादम, तोंडात मारल्यासारखे का बसलात.  चाळीस वर्षं जो हात आम्हाला भाकर देत आला, बापापासनं, तोच हात माझ्या पोरानं तिकडं लावला, माझ्याच सांगण्यानं, आन् तिकडं त्या हाताचा अर्थ वेगळा व्हता. त्यांनी गाडी उतरवायला माणूस मागितला नव्हता. पुढं मरायला कोण तयार हाय ते विचारलं व्हतं, आन् सगळ्यात आधी हात कुणाचा, तर नितेश बाळाराम दिघाशीकर.

मी त्याला बोललो, जा, साहेबाला सांग, चुकून लागला हात. तो बोलला, सांगितलं बाबा, हरयाणावाल्यानं सांगितलं, साहेब नुसता हसला. बोलला, घाबरू नको, तूच माझा चांगला माणूस.

त्या दिवसापासनं तो गाडीवर जातो. गोदामातनं माल घ्यायचा, पुढं खंदकापर्यंत न्यायचा, रिकामं करायचं, परत यायचं. रस्ता उघडा, वर ड्रोन. तो सांगायचा, बाबा, आम्ही दिवे लावत न्हाय, गाडी थांबवत न्हाय, चालू गाडीतनंच माल ढकलतो. मी विचारायचो, थप्पी पडत न्हाय का रं. आता मला सांगा, हा काय प्रश्न हाय? बापाला दुसरं कायच बोलता येत नसंल तर बाप असलंच कायतरी बोलतो. तो पण मला बरोबर उत्तर द्यायचा, पडते बाबा, म्हणून आता दोनच थर लावतो.

फोटो यायचे बंद झाले न्हाय, कमी झाले. आन् प्रत्येक फोटोत मी दार बघायचो. बुटं मागं गेली. पीठ मागं गेलं. दाराशी आता डिझेलचे डबे, मंग गोळ्यांच्या लाकडी पेट्या, मंग एका फोटोत बघतो तर पट्ट्यांची खोकी आन् दुमडलेली स्ट्रेचरं, आन् त्यांच्या बाजूला काळ्या जाड प्लास्टिकच्या घड्या, रचून ठेवलेल्या, छाप बाहेर, सांधे मोडून. मला वाटलं पावसाची कव्हरं असतील, आमच्या इथं जूनच्या आधी अशीच येतात. मोरेमामांना दाखवला फोटो, बोललो, मामा, पट्ट्या दाराशी आल्या म्हंजे पुढं मोठं कायतरी व्हणार, एवढं मला कळलं, पण ही कव्हरं कशाला दाराशी? मामांनी फोटो बघितला, फोन मला परत दिला, आन् उगाचच उठून गेटचं रजिस्टर चाळायला लागले. मी बोललो, मामा, तोंड फिरवू नका, सांगा. तवा ते बोलले, माल गुंडाळायची न्हाईत ती बाळाराम, माणसं गुंडाळायची हायत.

माझ्या पोरानं रचली व्हती ती. नीट.

मंग मला सगळंच दिसायला लागलं. जे पहिलं लागणार ते दाराशी, हा माझा नियम. त्यांची पण थप्पी असते ताई, माणसांची. नितेशनं एकदा सांगितलं व्हतं की त्यांची स्वतःची जुनी माणसं आतल्या इमारतीत झोपतात, तळघरात, आन् हे बाहेरच्या देशांतले, आपले, नेपाळचे, कुठले कुठले, हे गेटच्या शेडमध्ये. तवा मी बोललो व्हतो, बरं हाय की, गाडी आली की पहिले तुम्हीच. आता मला ते आठवतं आन् जेवण जात न्हाय. त्यांनी माझ्या पोराला दाराशी ठेवलाय. पहिला लागणार म्हणून ठेवलाय. हे मला एवढ्या वर्षांच्या कामानं शिकवलं आन् मी पोराच्या बाबतीतच वाचलं न्हाय.

अर्ज केले. ठाण्याला गेलो, मुंबईला गेलो, पुढाऱ्याच्या बंगल्यावर बसलो, दिल्लीला कागद पाठवला. सगळे चांगलं बोलतात, प्रक्रिया चालू हाय बोलतात. तो एजंट फोन उचलत न्हाय, त्याच्या ऑफिसात आता मोबाईलची कव्हरं विकतात. करार एक वर्षाचा, त्यांच्या भाषेतला, पोरानं सही केली, आम्ही अंगठा दिला असता तरी तेवढंच कळलं असतं. वर्ष भरलं तवा नितेशनं साहेबाला विचारलं. साहेब बोलला, तुझा कागद आलाय, सही झाली की मागं जाणाऱ्या गाडीत बसायचं. कोणती गाडी? पुढची. पुढची गाडी आली, ती भरलेली. मंग बोलला, त्याच्या पुढची.

मी मोरेमामांना विचारलं, मामा, मागं जाणारी गाडी भरलेली कशी असंल, माल तर पुढं जातो, मागं गाडी रिकामीच यायला पायजे. असा मी शहाणा. मामा बोलले, रिकामी येत न्हाई, जखमी घेऊन येते. आधी जखमी बसतात, जागा उरली तर धडधाकट.

हे ऐकल्यापासनं माझ्या मनात जे यायला लागलं ते मी तुम्हाला सांगतो, लिहा न्हायतर लिहू नका. मला वाटायला लागलं, थोडं लागू दे त्याला. पायाला लागू दे. डाव्या हाताला लागू दे. एखाद बोट जाऊ दे, माझं नख गेलं तसं, पण त्याला गाडीत जागा मिळू दे. देव्हाऱ्यासमोर उभं राहून मी हे मागायला लागलो, आन् मागताना हिशेब करायचो, किती लागलं तर गाडीत घेतील आन् किती लागलं तर पोर वाचंल. बाप हाय का कोण हाय मी? एक दिवस सकाळी भाकरी खाता खाता माझ्या तोंडातनं गेलं, नितेशची आई चुलीपाशी व्हती, मी बोललो, ह्याला जरा जखम झाली तर बरं व्हईल. तिनं तवा आपटला. मला वाटलं आता ही मला घरातनं काढते. एवढी ओरडली, काळीज हाय का दगड, पोटच्या पोराला असं बोलता, ह्याच तोंडानं पाठवलात ना त्याला.  पीठ सगळं सांडलेलं. मंग ती तिथंच बसली, सांडलेलं पीठ हातानं गोळा करायला लागली, आन् खाली बघूनच बोलली, मी दिवाळीपासनं हेच मागते देवीकडं. मी तर पाय मागितला.

मंग मी पण खाली बसून तिच्यासंगं पीठ गोळा केलं. इतकी वर्षं संसार केला, पण तेवढं जवळ कधी आलो नव्हतो.

कामावर जातो मी अजून. घरी बसलो तर वेड लागंल. पण परवा काय झालं, गेटवर बाहेरची गाडी आली, पंख्यांच्या खोक्यांची, चार टोळ्या उभ्या, मी पुढं व्हतो, गाडी माझ्यासमोरच थांबली, फाळका असा माझ्या छातीसमोर, नुसता हात वर करायचा. आन् माझा हात खिशातनं निघंना. खरं सांगतो, निघंच ना. मागनं माझी माणसं ओरडतायत, मुकादम, लावा ना हात, मुकादम. बाजूच्या टोळीतल्या एका भय्यानं माझ्याकडं बघितलं, त्याला पण कळंना, त्यानं पण जरा वाट बघितली, आन् मंग हळूच हात लावला आन् बोलला, चाचा, आपने छोड़ दी, इसलिए. त्या दिवशी माझी टोळी रिकामी गेली.  मोरेमामांनी खुर्ची दिली, चहा सांगितला.

पोराचा शेवटचा आवाज आलाय त्याला आज सतरा दिवस झाले. रेकॉर्ड करून पाठवलाय, तुम्हाला ऐकवतो, थांबा, चष्मा कुठं हाय. तो बोलतो, बाबा, आईला सांगा मी ठीक हाय, सुकट कवाच संपली, कागदावर सही झालीय असं हरयाणावाला बोलतो, मागं जाणारी गाडी येणार हाय, उद्या न्हायतर परवा, आमच्यासारखे पंधराएक जण हायत सही झालेले आन् जागा दोघातिघांचीच असणार. मंग मागं गाडीचा आवाज येतो. मंग तो बोलतो, बाबा, मी गेटवरच उभा हाय.

बस, एवढंच. पुढं काय न्हाय. टीव्हीवर बोलले की तिकडच्या कुठल्यातरी गोदामावर हल्ला झाला, फोनवर त्याचा फोटो आला तो मी मोठा करून बघितला, धूर हाय नुसता, थप्पी दिसत न्हाय. नितेशची आई टीव्ही बघत न्हाय. तिनं त्याची रजई उन्हात घालून आणलीय, स्वच्छ शर्ट, टॉवेल, सगळं घडी करून दाराशी ठेवलंय. मी बोललो, आत ठेव, धूळ बसंल. ती बोलली, तुम्हीच सांगता ना, पहिलं लागणार ते दाराशी. 

मी आता पायाबियाचं मागणं सोडलंय ताई. पोर धडधाकट मागतो. एकच मागतो, ती मागं येणारी गाडी येऊ दे. पंधराजण उभे असतील, सगळ्यांच्या आईबापांनी देव पाण्यात घातले असतील, मला माहीत हाय, त्यांची पण पोरं घरी येऊ दे, पुढच्या गाडीनं येऊ दे. पण ह्या गाडीला, फाळका समोर आला की, बापाची एवढी एकच विद्या हाय त्याच्याकडं, तो पळू दे. सगळ्यांच्या आधी त्याचा हात लागू दे.